शून्य-नमुना

गंधमेळ यंत्राच्या पडद्यावर याही वेळी उणे आकडा उमटला, तेव्हा डॉ. उत्तरा चिरमुले यांनी हातमोजे न काढताच शेरा टाइप केला: मनुष्यविमुख.

ज्याच्याबद्दल हा शेरा होता तो काचेपलीकडच्या खोलीत मेंदूलहरी टिपणारी तारांची टोपी घालून बसला होता. पूडल आणि पॉमेरेनियन यांचा संकर. केंद्रात आला तेव्हा कुरळ्या केसांची इतकी गुंतवळ झाली होती की पशुवैद्य डॉ. इक्बाल तांबोळी यांनी त्याचं नाव जटाशंकर ठेवलं. केस कातरल्यावर आत अर्धाच कुत्रा निघाला, पण नाव टिकलं. जटा.

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये एका रिकाम्या फ्लॅटच्या बाल्कनीत तो सापडला होता. कुणा पुरुषाने नाव न सांगता ‘सोबती’ केंद्राला फोन केला आणि पत्ता दिला. भाडेकरू निघून गेला होता. मागे पाण्याची भरलेली बादली, खाद्याची पिशवी आणि हे जनावर. ‘सोबती’ आधीच्या मालकाचा शोध घेत नसे. चौकशी सुरू झाली की लोक कुत्री हायवेवर सोडतात, हा अनुभव होता.

“काय आलं?” दारात उभ्या असलेल्या सुमन आहेर यांनी विचारलं. सिन्नरला त्यांची बेकरी होती आणि जटासाठीची ही त्यांची तिसरी फेरी होती.

“उणे अठ्ठावीस.”

“म्हणजे मागच्यापेक्षा बरं की वाईट?”

“तेवढंच. सुमनताई, हा कुत्रा तुमच्याकडे रुळणार नाही.”

“मॅडम, तीन वेळा घाम दिला मी तुम्हाला. आता रक्त काढणार का?” सुमनताई हसल्या नाहीत. “पिंजऱ्यापाशी गेले की माझी बोटं चाटतो तो. टोस्टचा वास येत असेल म्हणा. पण येतो ना जवळ?”

“टोस्टसाठी कुणाच्याही जवळ येईल. बसा, नीट सांगते.” डॉ. उत्तरा नेहमीच्या थंड आवाजात सांगू लागल्या. “साबण, अत्तर, टोस्ट हा वरचा वास. त्याच्याखाली प्रत्येक माणसाचा एक गंधठसा असतो. तो जनुकांतून येतो, धुतला तरी जात नाही. कुत्रं ज्या माणसावर जीव लावतं त्याचा ठसा त्याच्या मेंदूत कोरला जातो. नव्या माणसाचा ठसा त्याच्याशी थोडा जरी जुळला, तरी कुत्रं पटकन रुळतं. अजिबात जुळला नाही, तर खाणं सोडतं, चावतं, पळून जातं. तुमचा ठसा जुळत नाही.”

“आणि माझ्याआधी तीन जणांचा?”

“त्यांचाही नाही. याला माणूसच नको झालाय. आता हा कायम निवासात जाईल.”

कायम निवास म्हणजे अंजनेरीच्या पायथ्याच्या जाळीच्या खोल्या. वेळेवर खाणं, वेळेवर लस, आणि मरेपर्यंत कुणाचंही नसणं. तिथे गेलेला कुत्रा पुन्हा दत्तक यादीत येत नसे. हा नियम डॉ. उत्तरांनीच केला होता. तो केल्यापासून दत्तक दिलेली कुत्री परत येण्याचं प्रमाण जवळजवळ संपलं होतं, आणि तीन राज्यांतल्या केंद्रांनी तो उचलला होता.

सुमनताई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. घरी मात्र गेल्या नाहीत.

इक्बाल आत आले ते कुरकुरतच. “ताई, कायम निवासाच्या पाठवणीला कच्चे आकडे जोडावे लागतात. तू नुसती वजाबाकी दिलीस.”

“वजाबाकीच महत्त्वाची असते.”

“तुझ्यासाठी. तिथला बाबू वाकडा आहे, कागद परत पाठवतो. काढ ना.”

प्रत्येक चाचणीत कुत्र्याला घामाने भिजलेल्या दोन पट्ट्या हुंगवल्या जात. एक दत्तक मागणाऱ्याची. दुसरी अशा माणसाची, ज्याला कुत्र्याने जन्मात हुंगलेलं नाही. नवा वास म्हटला की कुत्र्याचा मेंदू थोडा चाळवतोच. ती चाळवाचाळव वजा केली की निव्वळ आपुलकी उरते. या दुसऱ्या पट्टीला शून्य-नमुना म्हणत. तो दर वेळी एकाच माणसाचा असावा लागे, नाहीतर आज काढलेल्या आकड्याची तुलना कालच्याशी होणार कशी? केंद्र सुरू झाल्यापासून शून्य-नमुना डॉ. उत्तरांचा होता. म्हणूनच त्या कुत्र्यांच्या खोल्यांत पाऊल टाकत नसत, काचेअलीकडे बसत. देशातल्या सर्वांत मोठ्या श्वान-दत्तक प्रकल्पाच्या प्रमुखाने गेल्या पंधरा वर्षांत एकाही कुत्र्याला हात लावला नव्हता.

कच्चे आकडे पडद्यावर आले.

“सुमन आहेर, एकोणीस,” इक्बाल वाचू लागले. “हे तर चांगलं आहे! परक्या माणसाला एकोणीस म्हणजे… मग उणे कशाने आलं?” त्यांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं. “शून्य-नमुना, सत्तेचाळीस. ताई, शून्य सत्तेचाळीस कसं असेल?”

“पट्टी खराब झाली असेल.”

“सहाही वेळा?”

डॉ. उत्तरांनी वाद घातला नाही. पाकीटबंद पट्टी फोडली, दंडावर बांधली आणि ती भिजेपर्यंत खुर्चीत ताठ बसून राहिल्या. इक्बालनी शेजारच्या नर्सरीतल्या माळ्याची पट्टी आणली. जटाने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

माळी, चार.

डॉ. उत्तरा, अठ्ठेचाळीस.

काचेपलीकडे जटा उठून उभा राहिला होता. त्याची शेपटी हलत होती.

“तू हात लावलास का त्याला?”

“इक्बाल, मी कुणाला हात लावते का?”

“तसं नाही. पण आधीच्या माणसाची स्वतःची पट्टी हुंगवली तर शंभर येतात. परका माणूस नशिबाने वीस-पंचवीसपर्यंत जातो. पन्नासच्या आसपास कोण येतं, ते तुझ्याच पुस्तकात आहे.”

“रक्ताचं माणूस,” डॉ. उत्तरा म्हणाल्या. “निम्मी जनुकं सारखी असलेलं. आईबाप, सख्खी भावंडं, मुलं.”

“तुला भावंडं…”

“मी एकुलती. आईबाबा जाऊनही बरीच वर्षं झाली. कुत्रा जेमतेम तीन वर्षांचा आहे.”

इक्बालनी पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. मग हळूच म्हणाले, “पण तुझा निनाद तर रॉटरडॅमला असतो ना?”

“हो. चार वर्षं.”

“मग काहीतरी यंत्राचंच…”

“माळ्याला चार आले ना? यंत्र ठीक आहे.”

दर रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. गेल्या काही आठवड्यांत मात्र नुसतेच मेसेज येत होते: कामात आहे, नंतर बोलू. कधीपासून, ते डॉ. उत्तरांनी मनात मोजलं आणि जटा केंद्रात आल्याचा आठवडा समोर आला. दोघांचा मेळ बसत होता. त्यांनी फोन उचलला. इक्बाल बाहेर जायला निघाले, तेव्हा “थांब,” म्हणून त्यांनी त्यांना बसवलं.

पलीकडे बराच वेळ रिंग वाजली.

“कळलं?” निनादने विचारलं. हॅलो नाही, आई नाही.

“इंदिरानगर?”

“हो.”

“किती दिवस होतास तिथे?”

“साडेतीन वर्षं. रॉटरडॅमची पहिली नोकरी सहा महिन्यांत गेली. परत आलो.”

“कॉलवर तुझ्या मागे बर्फ दिसायचा.”

“चित्र होतं ते, आई.”

“घरापासून दहा मिनिटांवर! सांगितलं का नाहीस?”

“सांगणार होतो. दर रविवारी. मग तू विचारायचीस, पगारवाढ झाली का, घर घेणार का. त्यात परत आलो हे कुठे बसवणार?”

“आता कुठे आहेस?”

“आता खरंच रॉटरडॅमला. नवी नोकरी. कुत्रा आणू देत नाहीत.”

“आणि त्याला बाल्कनीत टाकलंस.”

“टाकलं नाही. बादली भरली, फोन केला, गाडी येईपर्यंत समोरच्या दुकानात उभा राहिलो. तो तुझ्याकडेच येणार हे माहीत होतं. शून्य कुणाचं असतं, तेही माहीत होतं. मला वाटलं, पहिल्याच चाचणीत तुला कळेल.”

डॉ. उत्तरांनी पडद्याकडे पाहिलं. सहा उणे आकडे होते आणि त्यांच्याखाली त्यांचा स्वतःचा शेरा. दर वेळी यंत्राने सांगितलं होतं, आणि दर वेळी त्यांनी ते वजा करून टाकलं होतं.

“निनाद, परत ये,” असं म्हणायचं त्यांच्या मनात होतं. तोंडून आलं ते असं: “मी त्याला मनुष्यविमुख ठरवलं होतं.”

पलीकडे निनाद हसला. त्या हसण्यात गंमत नव्हती. “त्याला? बरं. त्याला भाताची खरवड आवडते. ज्याला देशील त्याला सांग.” आणि फोन बंद झाला.

इक्बालनी पाठवणीचा कागद बाजूला सारला. “नियमाप्रमाणे कुत्रा सर्वांत जास्त आकड्याला जातो. म्हणजे तुला.”

डॉ. उत्तरांनी हातमोजे काढले आणि काचेचं दार उघडून पलीकडे गेल्या.

जटा धावत आला. त्याने त्यांचा तळवा हुंगला, मनगट हुंगलं, कोपरापर्यंत गेला. गळ्यातून एक बारीक, कापरा आवाज काढत त्याने दोन्ही पाय त्यांच्या गुडघ्यावर टेकवले. त्या खाली बसल्या. त्याने त्यांचा चेहरा हुंगला आणि एकदम थांबला. मग त्यांना वळसा घालून तो उघड्या दारापाशी गेला आणि कान टवकारून बाहेर पाहत बसला. वासाचा निम्मा भाग आला होता. उरलेला मागून येणारच, अशी त्याची खात्री होती.

डॉ. उत्तरांनी हाक मारली. त्याने मान वळवली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा दाराकडे तोंड केलं.

“इक्बाल,” त्या उठत म्हणाल्या, “माझ्यापाशी तो जन्मभर असाच बसेल. सुमनताईंना बोलाव.”

“आणि नियम?”

“नियम चुकला. जुळणं पुरत नाही. अर्धवट जुळणं तर नाहीच नाही.”

सुमनताईंनी ओढणीने डोळे पुसले आणि सोबत आणलेला पट्टा जटाच्या गळ्यात घातला. त्याच्या खाण्याबद्दल डॉ. उत्तरांनी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढंच ना? आमच्याकडे रोज भात असतो.”

फाटकापर्यंत जटा नीट चालला. तिथे मात्र त्याने चारही पाय रोवले, मागे वळून डॉ. उत्तरांकडे तोंड करून भुंकू लागला, पट्टा ओढू लागला. सुमनताईंनी त्याला उचलून कडेवर घेतलं, तरी तो त्यांच्या खांद्यावरून मागे मान काढून केविलवाणं कुंईकुंई करत राहिला.

“बघा तरी मॅडम,” सुमनताई म्हणाल्या, “केवढा जीव आहे त्याचा तुमच्यावर!”

“माझ्यावर नाही,” डॉ. उत्तरा म्हणाल्या, आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.