गोट्याखालचे मासे

"घ्या वं मळ्या, गोट्याखालचे मळ्या. धार सोडंना, गोटा सोडंना, हातानं आनले मळ्या…"

धुरपतामावशीची आई तळेगावच्या बाजारात अशी गाऊन मासळी विकायची. तेव्हा सुलोचना चार वर्षांची होती. आता ती बारा वर्षांची आहे, म्हातारी कधीच गेली, आणि त्याच जागी मावशी मुकाट बसते. पण ती हाक सुलोचनाच्या कानातून काही गेली नाही.

म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीत महादेवमामांचा नकाशा पाहून ती अडखळली. मामा मत्स्य खात्यात होते. कोणता मासा कोणत्या पाण्यात राहतो, त्याचे रंगीत ठिपके ते नकाशावर देत होते.

"मामाजी, मळ्या मासा वर्धा नदीत कसा? तिथं तर नुसती रेती हाय."

"धुरपताबाईच्या वाट्यात मिळाला. कुठली मासळी विचारलं, वर्धेची म्हणाली. दिला ठिपका."

"तुम्ही नदीवर गेलते?"

"मला वीस बाजार उरकायचेत, पोरी." मामांनी चहा बशीत ओतला.

"अन् टेकडीमागचा नाला कोरा काऊन?" चुलतभाऊ चंद्रभानने बोट ठेवलं.

"तिथं काही नाही म्हणतात. बरंच झालं. सोमवारी नकाशा गेला, की पावसाळ्यात तिथं मरळीचं बीज सोडतील. मळ्यांचा ठिपका असता तर सोडता आलं नसतं. मरळ लहान मासे गिळून टाकते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामा आंघोळीला गेले, तशी सुलोचनाने त्यांच्या नमुन्याच्या बाटलीतला मळ्या उजेडात धरला. त्याच्या हनुवटीखाली गोल चकती होती, बंडीच्या बटणाएवढी.

"हे कायले असंन?"

"चिकटाले," चंद्रभान म्हणाला. "रेतीले कोन चिकटते वं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं टेकडीमागे गेले. नाला खडकांवरून खळाळत होता. शेवाळलेल्या गोट्यांवर जागोजागी चाटून पुसल्यासारखे डाग दिसत होते. चंद्रभानने एक गोटा उलटला, घसरला आणि पाण्यात बसला.

"मासा धरून राह्यला का आंघोळ करून राह्यला?" सुलोचना हसली. तेवढ्यात त्याच गोट्याखाली तिच्या बोटांना काहीतरी गार, घट्ट चिकटलेलं लागलं. तिने हळूच सोडवून घेतलं. मळ्या होता. मग दुसरा, तिसरा.

घरी येऊन दोघांनी मळ्यांचा डबा मामांपुढे ठेवला, तसे मामा चपला घालून बाजाराकडे निघाले. मागे दोघं.

मावशी वाटे लावत होती. खाली झिंग्यांचा ढीग, वरून गिऱ्हाइकाला खूश करायला चार मळ्या.

"बाई, तू तर वर्धेची मासळी म्हणालीस."

"झिंगे वर्धेचेच हायेत, साहेब. वरून टाकलेल्याचं तुमी कुठं इचारलं?"

मामांचे कान लाल झाले. सबंध वाटा त्यांनी एकाच पाण्याचा धरला होता. "मग हे चार कुठले?"

मावशी झिंगे निवडत राहिली. सुलोचना तिच्याजवळ उकिडवी बसली.

"मावशी, नाला कोरा राह्यला तर त्यात मरळ सोडनार हायेत. तुये मळ्या साफ होतीन."

मावशीचे हात थांबले.

मामांनी खिशातून नकाशा काढून वर्धेवरचा ठिपका खोडला आणि पेन्सिल सुलोचनाच्या हातात दिली. "खाडाखोड माझी, ठिपका तुमचा. मी वीस बाजार पाहिले, तुम्ही एक गोटा उलटला. काम तुमचंच खरं."

मावशीने हातातले झिंगे खाली ठेवले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "धाब्यावरच्या एका टिरकवाल्याले मीच मळ्यांची जागा सांगतली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं डोहात सुरुंग फोडला. तीन साल तिथं एक मासा दिसला नाई. तवापासून मी कोनाले सांगतलं नाई, घरातल्यालेही नाई."

तिने ओले हात पदराला पुसले.

"लिही, पोरी. टेकडीमागचा नाला. वरच्या झऱ्यापासून तं खालच्या डोहापर्यंत. सारे मळ्या तिथलेच हायेत."