समप्रवाह

संगणकावर सात आलेख होते. सहा चोऱ्या झालेल्या घरांतल्या कॅमेऱ्यांचे, ते किती माहिती बाहेर पाठवतात ते दाखवणारे. डॉ. वसुधा रेगे प्रयोगशाळेत सकाळपासून तेच पाहत बसल्या होत्या. सातवा आलेख त्यांच्या वडिलांच्या घरातल्या कॅमेऱ्याचा होता. आबा त्याच वसाहतीत एकटे राहत. चोर अजून तिथे पोचले नव्हते, इतकंच.

"कॅमेऱ्यांची चित्रं सांकेतिक कुलूपात बंद होती, मॅडम," त्यांचा सहकारी अन्वर शिकलगार म्हणाला. "चोरांनी काहीच पाहिलेलं नाही."

"पाहायचं कशाला? कॅमेरा चित्रातला बदल तेवढा पाठवतो. खिडकीचा पडदा हलला, ऊन सरकलं, की माहिती वाढते. आत काय आहे ते कळत नाही. पण किती जातंय, ते बाहेरून मोजता येतं." त्यांनी आलेखाच्या सपाट भागावर बोट ठेवलं. "इथे जवळजवळ शून्य. का?"

"बिघाड?"

"पंचा. घरी आलं की सगळे कॅमेऱ्यावर पंचा टाकतात. आबा म्हणतात, मी घरात उघडा बसतो, जगाला कशाला दाखवू?"

अन्वर हसला. "म्हणजे पंचा असला की माणूस घरात, काढला की घर रिकामं. लाज राखायला गेले आणि चोराला वर्दी दिली."

उपाय त्यांनी आठवड्याभरात तयार केला : समप्रवाह. माहिती कमी पडेल तिथे निरर्थक आकडे भरायचे. मग पंचा असो वा नसो, बाहेर जाणारा प्रवाह सारखाच. तो वसाहतीतल्या प्रत्येक कॅमेऱ्यात बसवला आणि सगळे आलेख सरळ झाले. दोन आठवडे वसुधाताई वेळेवर जेवल्या.

मग एका दुपारी आबांचा फोन आला, इस्पितळातून.

"हात मोडलाय. डावा आहे, तेव्हा ओरडू नकोस. दोघं होते. मला पाहून असे दचकले, जणू मीच चोर. एक म्हणाला, 'अरे, हा घरात कसा?' म्हटलं, माझंच घर आहे बाबा."

"मग?"

"ढकललं आणि पळाले. वसू, आधीच्या सहा चोऱ्यांत कुणाला साधा ओरखडा नाही. यांना आताच काय झालं गं?"

"येते मी," त्या म्हणाल्या. फोन ठेवला आणि आबांच्या घराचा आलेख उघडला : पंचा होता, तरी रेषा रिकाम्या घरासारखीच.

अन्वरनं ऐकलं होतं. "समप्रवाह बंद करू?"

"बंद केला, तर ते पुन्हा रिकामी घरं निवडतील."

"आणि चालू ठेवला, तर?"

त्या इस्पितळात जायला उठल्या.

"तर त्यांना निवडताच येणार नाही."