अर्जदार कोण?

“हा ‘मी’ कोण?” मी विचारलं.

निवृत्तीनं पेन थांबवून वर पाहिलं. बाई गं, त्या डोळ्यांत दुष्काळ नव्हता!

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं होतं. साहेब नवे, पाटी नवी, नळ मात्र कोरडे. गल्लीत टँकर यावा म्हणून नागुआत्या सुट्टीत आलेल्या मला घेऊन कचेरीसमोरच्या लिंबाखाली अर्ज लिहून देणाऱ्या या निवृत्तीकडे आली होती. तो लिहीत होता — ‘मी, नागुबाई, विनंती करते की...’

“मी म्हंजे नागुबाई. मी नुस्ता लिहायलो.”

“अन् हे काय? ‘म्हैस विकल्यापासून घरात बोलायला कोणी नाही’?”

“त्यांनीच सांगितलं की. मागितलं पाणी, निघालं मन. साहेब थोडाच मधी बोलतो!”

मी थक्क! नांदेडच्या कॉलेजात वर्षभर न कळलेलं नाट्यात्म एकभाषित या लिंबाखाली कळलं. कवितेत एकच माणूस बोलतो, समोरचा गप्प असतो, ‘मी’ म्हणजे कवी नव्हे... आणि बोलणाऱ्याच्या तोंडून नको तेही निसटतं.

मग मी रोज वही घेऊन शंका विचारायला जाऊ लागले. आठ दिवसांत टँकर आला, शंका काही संपेनात.

“उद्या जाणार म्हणं तुमी?”

“हाव. परीक्षा हाय. का?”

“काई न्हाई...” म्हणत त्यानं एक कागद पुढे सरकवला.

‘मी, अर्जदार, विनंती करतो की, आपण शंका विचारताना वेणीचे टोक दातात धरता. त्यामुळे काल उदगीरच्या माणसाला मी लोह्याचा रहिवासी करून टाकले. तरी योग्य तो विचार व्हावा.’

खाली नावाची जागा कोरी.

माझं डोकं चक्रावलं. वेणी तर माझीच! पण ‘मी’ म्हणजे लिहिणारा नव्हे, हे त्यानंच शिकवलेलं. नुसता नमुना असला तर? आणि खरा असला, नि मी गप्पच नांदेडला गेले तर? मला तर तो हवा होता.

“हा ‘मी’ कोण?”

तो मान खाली घालून पेनात शाई भरत बसला.

एकभाषितात ऐकणारीनं बोलायचं नसतं. पण अर्जावर साहेब शेरा मारतोच की! मी पेन ओढून समासात लिहिलं — ‘अर्जदाराने समक्ष हजर राहून तोंडी सांगावे.’

त्यानं वाचलं. कोऱ्या जागी हळूच नाव लिहिलं — निवृत्ती.

“समक्षच हाय की... आत्ताच सांगू?”

“सांग,” मी म्हणाले, आणि दातातलं वेणीचं टोक सोडलं.