भावोजींचा ट्रे आणि आटलेली नदी

आम्ही निघालो होतो माशांचे फोटो काढायला. म्हणजे फोटो मी काढणार होतो आणि मासे ताईचे होते.

माझी थोरली बहीण माशांची अभ्यासक. गेले दोन महिने ती एका खोल घळईत, नदीकाठी तंबू ठोकून एकटी राहत होती. करंगळीएवढा एक मासा त्या घळईतल्या डोहांत सापडतो आणि बाकी कुठेच नाही, असं तिचं म्हणणं. ते पटवून द्यायला तिला सगळ्या डोहांचे वरून घेतलेले फोटो हवे होते. फोटो स्टुडिओ माझा, हौसेने घेतलेला ड्रोनही माझा, त्यामुळे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

अडचण एकच होती. घळईच्या उंच भिंतींमध्ये माझा ड्रोन सहाशे मीटरपुढे गेला की सिग्नल तुटायचा, आणि सिग्नल तुटला की स्वारी मुकाट माघारी यायची. खोक्यावर चार किलोमीटर छापलं होतं. छापणाऱ्याने घळई पाहिलेली नसावी.

म्हणून सोबत आत्या आली. तीस वर्षं बंदरात वायरलेसवर बसून ती जहाजांशी बोलत असे. आता वय सहासष्ट, एक गुडघा कुरकुरणारा, जीभ मात्र ठणठणीत. आणि ओझी वाहायला आले भावोजी, ताईचे यजमान. त्यांची बेकरी आहे, मैद्याची पोती ते एका हाताने उचलतात. निघायच्या आदल्या दिवशी आत्याने त्यांच्या बेकरीतला ॲल्युमिनियमचा मोठा ट्रे मागून घेतला, चांगल्या गुडघ्यावर ठेवून धनुकलीसारखा वाकवला आणि ड्रोनच्या रिमोटमागे दोरीने करकचून बांधला.

"रिमोट चारी बाजूंना ओरडत असतो," ती म्हणाली. "मागे वाया जाणारा आवाज पुढे वळवायचा. एवढंच शास्त्र."

"अहो आत्या, त्यात चाळीस पाव बसायचे," भावोजी केविलवाणे म्हणाले.

"आता एक ड्रोन बसेल, जावईबापू."

पहिल्या दिवशी मोकळ्या माळावर ट्रेने कमाल केली. रेंज दुपटीहून वाढली! मी इतका खूश झालो की तीनपैकी एक बॅटरी अर्ध्यावर येईपर्यंत नुसते ढग चित्रित करत बसलो. त्याचा पश्चात्ताप मला पुढे व्हायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या काठाकाठाने आम्ही घळईत उतरू लागलो. संध्याकाळपर्यंत ताईच्या तंबूवर पोचायचं होतं. रात्री पावसाने झोडपून काढलं होतं, पायाखाली चिखल होता आणि भावोजी मला चिडवत होते. ताईने मला ठेवलेलं 'फोकस' हे नाव त्यांनीही उचललं होतं. तेवढ्यात आत्या जागीच थांबली.

"गप्प बसा दोघं. नदी ऐका."

आम्ही ऐकलं. काहीच ऐकू येत नव्हतं. मागच्या वळणापर्यंत जिचा आवाज कानात भरला होता, ती नदी गप्प झाली होती.

पुढचं वळण ओलांडलं. डावीकडचा अख्खा कडा रात्री नदीत कोसळला होता. माती, खडक, मुळांसकट उपटलेली झाडं, असा तीन मजली ढीग घळईत आडवा पडला होता. अलीकडे गढूळ पाण्याचं तळं फुगत चाललं होतं. मी कसाबसा ढिगावर चढून पलीकडे पाहिलं. पलीकडे नदीचं पात्र कोरडं होतं. ओल्या गोट्यांवर उन्हात काहीतरी चमकत होतं, तडफडत होतं. मासे!

आत्याने पाण्याच्या कडेला काठी रोवली आणि घड्याळ लावून बसली. पाव तासाने म्हणाली, "वीतभर चढलं. माथ्याला लागायला चार तास. पण ही ओली माती आहे, तेवढाही दम धरेल असं नाही."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग सगळं एकदम जाईल."

भावोजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "ती पात्रातच असणार," ते म्हणाले. "मासे तडफडताना दिसले की तिला दुसरं काही दिसत नाही. वरून दगड पडले तरी ती बादली घेऊन डबक्यांतनं फिरत राहील."

ते खरं होतं. मी ताईला लहानपणापासून ओळखतो. फोनला रेंज नव्हती आणि आत्याचे वायरलेस संच नोकरीबरोबरच परत गेले होते. तंबू सरळ रेषेत अडीच किलोमीटर, पण ढिगापलीकडे पात्रातून उतरणं म्हणजे मरण ओढवून घेणं. डोंगराच्या धारेवरून वळसा घालून पोचायला पाच तास लागणार होते. पाच तासांची वाट आणि जेमतेम चार तासांचं पाणी!

मी तिथूनच पहिली बॅटरी लावून ड्रोन सोडला. ट्रे होता, पण समोर खडकाचं वळण होतं. सातशे मीटरवर चित्र फाटलं, रिमोट किंचाळला आणि ड्रोन माघारी आला. घाबरून मी तोच प्रयोग आणखी दोनदा केला आणि ती बॅटरी संपवली.

"खडकातून आवाज जात नाही रे," आत्या म्हणाली. "वर चढा. धारेवरून तिचा डोह दिसतो का बघा. मी मागून येते, माझ्यासाठी थांबू नका."

चढ उभा होता. सुटे दगड, ओलं गवत, धरायला काटेरी झुडपं. दोनदा माझा पाय सटकला. दुसऱ्यांदा मी खरोखरच खाली चाललो होतो, पण भावोजींनी पाठीवरच्या पिशवीचा पट्टा पकडून मला पोत्यासारखं वर ओढलं. छाती भात्यासारखी चालली होती. धारेवर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. वारा इतका की उभं राहणं मुश्कील. दूर खाली घळईच्या फटीत ताईच्या तंबूचा नारिंगी ठिपका दिसत होता, आणि मागे वळून पाहिलं तर तळं. आता ते सकाळच्या दुप्पट झालं होतं.

आत्याने खालीच वहीच्या पानावर चिठ्ठी लिहून दिली होती. जहाजांशी बोलायची तशीच भाषा. "नदी अडली आहे. पाणी सुटणार. तंबू सोड. सरळ वर चढ. आत्ता." भावोजींना आणखी काही लिहायचं होतं, पण वेळ नव्हता. त्यांनी पेन मला परत दिलं. मी चिठ्ठी लाल फडक्यात गुंडाळून ड्रोनच्या पायाला बांधली आणि दुसरी, भरलेली बॅटरी लावली.

ड्रोन झेपावला. हजार मीटर. बाराशे. पंधराशे! चित्र स्वच्छ होतं. सतराशेवर ते थबकलं. तुकडे झाले. काळं. रिमोट किंचाळला. ड्रोन माघारी येऊ लागला, तोही वाऱ्याविरुद्ध, बॅटरी खात खात. मी पुन्हा पाठवला. पुन्हा सतराशे आणि पुन्हा तेच. हातात आला तेव्हा बॅटरीत नऊ टक्के उरले होते.

"बास," भावोजी म्हणाले. "मी पळत जातो."

"भावोजी, पळालात तरी तीन तास—"

"मग काय इथे उभा राहून बघू?" ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले आणि खरोखरच निघाले.

तेवढ्यात चढावरून आत्याचं डोकं वर आलं. चेहरा घामाने थबथबलेला, पँटचा गुडघा फाटलेला. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि धापा टाकत विचारलं, "हे काय धरलंयस?"

"रिमोट."

"ते दिसतंय. अँटेनांची टोकं कुठे केलीस?"

"ड्रोनकडे," मी म्हणालो. आणखी कुठे करणार? वीस वर्षं मी हेच करत आलोय. ज्याचा फोटो काढायचा त्याच्यावर लेन्स रोखायची. रिमोट हातात आला की माझी बोटं आपोआप त्या दोन काड्या ड्रोनच्या दिशेने वाकवायची. आत्याने बांधताना त्या सरळ उभ्या ठेवल्या होत्या. मी दर वेळी त्या पुढे झुकवत होतो, तेही मोठ्या ऐटीत.

"गाढवा, ती लेन्स नाहीये. अँटेना टोकातून सगळ्यात कमी बोलते. ती बोलते कुशीतून." तिने दोन्ही काड्या खटाखट उभ्या केल्या. "तुझ्या स्टुडिओत हे चालत असेल. इथे तू ड्रोनला तोंड फिरवून हाका मारत होतास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कालपासून एका चुकीपायी मी रेंज घालवत होतो, आणि आता राहिली होती ती ढगांवर उधळलेली अर्धी बॅटरी. एकावन्न टक्के.

"जावईबापू, मागे या," आत्याने हाक मारली. "तुमच्या खांद्यांचं काम आहे. समोरची ही खडकाची कड आडवी येतेय. ड्रोन खाली उतरला की आवाज तिच्यामागे बुडेल. याला वर घ्या."

भावोजी मागे आले. कडेपाशी गुडघे टेकून बसले. मी त्यांच्या खांद्यांवर बसलो आणि ते उठले. समोर दीडशे मीटर खोल घळई, ट्रे वाऱ्यात शिडासारखा फडफडतोय, आणि माझा जीव माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या दोन टाचांवर!

"एक सांग," आत्याने खालून विचारलं. "आवाज तुटला की तो काय करतो?"

"घरी येतो."

"मग त्याला सांग, येऊ नको म्हणून."

मला कळायला एक क्षण लागला. तशी सोय सेटिंगमध्ये होती. सिग्नल तुटल्यावर 'परत ये' ऐवजी 'जागीच उतर'. एकदा ते केलं की ड्रोन गेला. तीन वर्षं तळहातावरच्या फोडासारखा जपला होता मी तो. खोटं कशाला बोलू, माझा अंगठा थांबला. खाली भावोजींचा श्वास ऐकू येत होता. मी सेटिंग बदललं.

ड्रोन निघाला. अँटेना उभ्या, ट्रे मागे. पंधराशे. सतराशे. चित्र हललंही नाही! दोन हजार. अडीच हजार. तंबू आला. आणि तंबूच्या वरच्या अंगाला, कोरड्या पात्राच्या मधोमध, ताई!

पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात निळी बादली. एका डबक्यातून ओंजळीने मासे उचलून बादलीत टाकत होती. आवाज ऐकून तिने वर पाहिलं आणि हसून हात हलवला. फोकस आला, फोटो काढतोय! मग पुन्हा डबक्यात वाकली.

"दिसली का?" भावोजींनी विचारलं.

"दिसली. मासे वेचतेय."



बत्तीस टक्के. स्क्रीनवर सूचना आली, परत फिरा. मी ती पुसून टाकली. ड्रोन खाली घेऊ लागलो. चाळीस मीटर. तीस. चित्राला मुंग्या आल्या.

"आणखी वर," मी ओरडलो.

भावोजी चवड्यांवर उभे राहिले. चित्र परत आलं. वीस मीटर. ताईची पाठ दिसत होती. बारा मीटर. वाऱ्याचा एक झोत आला, ट्रेला हिसका बसला. मी एका हाताने तो धरला, कड तळहातात रुतली. भावोजी एक पाऊल पुढे गेले. फक्त एक. आत्याने त्यांचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून धरला.

स्क्रीन काळी झाली.

परत आली नाही. ड्रोन तिच्यासमोर उतरला, की दगडावर आपटला, की चिठ्ठी वाऱ्याने उडाली, काहीच कळायला मार्ग नव्हता. मी खाली उतरलो.

पंचवीस मिनिटांनी तळं फुटलं. आत्याचा अंदाज तासाभराने चुकला होता. आधी पायाखालची जमीन हादरली. मग आवाज आला. झाडं, दगड, चिखल घेऊन पाण्याची तपकिरी भिंत घळईत घुसली आणि वळणाआड गेली. थोड्या वेळाने तो नारिंगी ठिपका होता तिथे नुसतं पाणी होतं.

भावोजी पळत सुटले. मी आत्याचा हात धरून मागून चाललो. धारेवरची ती वाट मला अजून आठवते, पण काय काय पाहिलं ते आठवत नाही. मनात एकच विचार होता, मी काल ढगांचे फोटो का काढले? आत्या लंगडत होती. "तुला मी आधीच नीट शिकवायला हवं होतं," ती एकदा म्हणाली. मी म्हणालो, "मी ऐकलं नसतं." ते खरं होतं.

ऊन उतरलं तेव्हा पुढे भावोजी दिसले. उभे होते. मग खालच्या झुडपांतून ताई वर आली. चिखलाने माखलेली, कोपर सोललेलं, एका हातात निळी बादली. भावोजी तिच्याकडे बघतच राहिले आणि लहान मुलासारखे रडले.

"अहो, रडताय काय? मी धडधाकट आहे," ताई म्हणाली, आणि मग तीही रडायला लागली.

आत्या दगडावर बसली. पाय लांब करून म्हणाली, "निरोप पोचला म्हणायचा."

"समोरच्या दगडावर धप्पकन उतरला," ताईने डोळे पुसत सांगितलं. "मला वाटलं, फोकसने पुन्हा आपटला. उचलायला गेले तर चिठ्ठी. वर चढून पाठ टेकते न टेकते तोच पाणी आलं."

मी विचारलंच. राहवलं नाही. "आणि ड्रोन?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. "अरे, चढायला एक हात लागत होता. दुसऱ्या हातात एकच काहीतरी मावत होतं."

म्हणजे माझा ड्रोन तिच्या हातात आला होता, आणि तिने तो खाली ठेवून बादली उचलली होती! मला राग आला. खराखुरा राग. मी बादलीत डोकावलो, चार शब्द सुनावायचेच असं ठरवून. तळाशी चिखलट पाण्यात करंगळीएवढे सात मासे फिरत होते. त्या घळईत आता एवढेच उरले असणार.

भावोजींनी पुढे होऊन तिच्या हातून बादली घेतली. परतीची वाट खडबडीत होती आणि ते पळून पळून दमले होते.

"द्या इकडे," मी म्हणालो. "पाणी हिंदकळेल."