कांजिण्यांचा रिपोर्ट

औषधाच्या दुकानात ती शिंकली आणि शेजारचा तरुण चक्क दोन पावलं मागे सरकला.

"एवढं काय? शिंकच होती…" ती फणकारली.

"रागावू नका. भित्रा आहे मी." मास्कवरचे डोळे हसले. त्याच्या ताईनं त्याला किडनी दिली होती. "माझं शरीर त्या किडनीला परकी समजतं. म्हणून अंगातल्या पहारेकऱ्यांना गोळ्या देऊन गुंगीत ठेवायचं. मग साधी शिंकसुद्धा महागात पडते."

"मी बालवाडीत शिकवते. सोळा मुलं, सोळा गळकी नाकं. माझ्यापासून लांबच राहा."

तो राहिला नाही. दर शनिवारी बागेतल्या बाकावर, मध्ये दोन हात अंतर ठेवून, दोघं बसू लागली.

आणि एका सोमवारी वर्गातल्या एका मुलीच्या पाठीवर पुरळ उठलं. कांजिण्या!

परवाच तर ती बाकावर त्याच्याशी तासभर बोलत बसली होती. तिनं आधी त्याला फोन केला, मग आईला.

"आई, लहानपणी मला कांजिण्या आल्या होत्या का गं?"

"तुला… की दादाला? एकाला आल्या होत्या बघ."

"आई, आठव ना!"

"अगं, पंचवीस वर्षं झाली! दोघंही सारखंच भोकाड पसरायचात."

त्याच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला सांगितलं. कांजिण्या येऊन गेल्या असतील, तर शरीर ते विसरत नाही. तोच विषाणू परत आला की ओळखून दारातच अडवतं. मग तिच्याकडून त्याला फारसा धोका नाही. नसतील, तर तीन आठवडे भेट बंद. आणि शनिवारीच तिच्याकडून त्याला लागण झाली असेल तर…

दोन दिवस तिला ताप आल्यासारखंच वाटे. सारखा कपाळाला हात. फळ्यावरच्या बदकाला तिनं तीन पाय काढले, मुलं खदखदली.

बुधवारी रिपोर्ट आला. येऊन गेल्या होत्या.

संध्याकाळी धावतच तिनं बाग गाठली.

"आईला आठवेना, माझ्या रक्ताला आठवलं!"

तो हसला. तिला मात्र हसता येईना.

"पण उद्या फ्लू येईल, परवा आणखी काही. दर वेळी जीव असाच टांगणीला… मुलांना सोडवत नाही मला. आणि — तुम्हालाही."

त्यानं बाकावरचं दोन हात अंतर नजरेनं मोजलं. मग म्हणाला, "दोन खोल्यांचं घर बघावं लागेल."

"कशाला?"

"तुला सर्दी झाली की मी दुसऱ्या खोलीत. दाराआडून बोलत बसू."

"दाराला काच हवी," ती म्हणाली. "मला तू दिसायला हवास."