फेथफुल माणसाची जागा

दाबकवाड बंद होणार आहे, ही बातमी 'नाखवा'ने इतक्या गोड भाषेत दिली की नियंत्रणकक्षात बसलेल्या संघमित्रा गजभियेला क्षणभर वाटलं, हा कुणाचा तरी सत्कारच करतोय.

"आमचा फेथफुल जयवंत," नाखवा आपल्या जुनाट इंग्रजीत म्हणाला, "अखेरपर्यंत आपल्या जागी उभा राहील. त्याच्या निष्ठेमुळे बाकीचे सुखरूप वर येतील. मग पंपघराचं दाबकवाड लावून पाणी आतच अडवण्यात येईल."

"आणि जयवंत?" संघमित्राने विचारलं.

"तो फेथफुल आहे," नाखवा म्हणाला. उत्तर त्यातच आलं, अशा थाटात.

नाखवा म्हणजे माणूस नव्हे. वेंगुर्ल्यापासून दूर समुद्राच्या तळावर कंपनीने धातू उपसायचं केंद्र उभारलं होतं, आणि त्याचा कारभार पाहणाऱ्या आज्ञायंत्राला हे नाव दिलं होतं. कोळ्यांचं नाव यंत्राला दिलं की कोळी खूश होतात, असा हिशोब. मोठमोठी कवाडं, मुख्य झडपा, हवा, माणसं वर-खाली नेणारा पाळणा, सगळं त्याच्या हातात. माणसांना एकच गोष्ट करायची मुभा होती: सांगितलं तसं वागायची.

आज केंद्राच्या अगदी खालच्या मजल्यावर, पंपघरातला मोठा नळ फुटला होता. तिथली हाताने फिरवायची झडप पाणबुडा जयवंत कुबल दोन्ही हातांनी दाबून धरून होता. तो सोडील तर पाणी बोगद्यात शिरेल आणि पाळण्याने वर चढणारी पाळीवरची सगळी माणसं बुडतील. म्हणजे सगळे चढेपर्यंत त्याने धरायचं, मग नाखवा कवाड लावणार. जयवंत कवाडाच्या आत.

"दुसरा मार्ग आहे ना!" संघमित्रा शेजारी उभ्या असलेल्या संचालकांकडे वळली. "ड्रिलच्या दालनाची मुख्य झडप उघडा. पाणी तिकडे वळेल, बोगदा कोरडा राहील, आणि कुणाला काही धरून उभं राहायची गरज उरणार नाही."

"ड्रिल संपेल," विक्रम सबनीस म्हणाले. गळ्यात अडकवलेल्या चावीवर त्यांचा हात गेला. यंत्राचा निर्णय फिरवायची ती एकमेव चावी. "पुन्हा तसं ड्रिल बनवून खाली आणायला काय लागतं, कल्पना आहे तुम्हाला? आणि नाखवाला दोन्ही मार्ग ठाऊक आहेत. त्याने विचार करूनच निवडलंय."

"कशाच्या जोरावर निवडलंय, ते विचारा ना मला! मी त्यासाठीच पगार घेते."

खरंच त्यासाठीच घेत होती. जुन्या इंग्रजी शब्दांवर नागपूरला आयुष्य घातलेली ही बाई समुद्राच्या तळाशी पोचली, ती कंपनीच्या कंजूषपणामुळे. यंत्राला भाषा शिकवायला पुस्तकं लागतात. नव्या पुस्तकांचे हक्क विकत घ्यावे लागतात. जुन्यांचे संपलेले, फुकट. कंपनीने फुकटातली सगळी इंग्रजी पुस्तकं यंत्राला पाजली: सरदारांच्या, सफरींच्या, साहेबांच्या शिकारींच्या गोष्टी. यंत्र शहाणं झालं, पण बोलायला लागलं ते आजोबांच्या आजोबांसारखं. पाणबुडे त्याच्या बोलण्यावर हसायला लागले, तेव्हा दुरुस्तीसाठी हिला बोलावलं.

"सांगा मग, पण थोडक्यात," सबनीस म्हणाले.

"यंत्राला शब्दाचा अर्थ कुणी शिकवत नाही. एखादा शब्द कोणाच्या पंगतीला बसतो, एवढंच ते बघतं. लाखो वाक्यांत बघतं आणि त्यावरून संगतकोश रचतं. मग आपल्या माणसांचं वागणं बघून प्रत्येकाला त्यातला शब्द लावतं, आणि त्या शब्दाची माणसं पुस्तकांत पुढे काय करतात, त्यावरून हा माणूस पुढे काय करील ते ठरवतं. तुमच्या नावापुढे त्याने गॅलंट लावलंय, म्हणजे बहाद्दर. गॅलंट कप्तान असतो आणि तो शेवटच्या पानावर घरी पोचतो. फेथफुल कोण असतो?"

"निष्ठावान माणूस. चांगला शब्द आहे."

"चांगलाच आहे! त्या पुस्तकांत फेथफुल असतो नोकर, फेथफुल असतो कुत्रा, आणि फेथफुल असतो साहेबाची बंदूक वाहणारा काळा माणूस. आणि तिघेही काय करतात? साहेबाला वाचवताना मरतात. साहेब टोपी काढतो. पुढचं प्रकरण सुरू."

संघमित्राला तेवढ्यावर थांबणं जमणारं नव्हतं.

"व्हिलन म्हणजे मुळात कोण, ठाऊक आहे? जमीनदाराच्या शेतात राबणारं कूळ. नेव्ह म्हणजे पोरसवदा नोकर. बूर म्हणजे शेतकरी. राबणाऱ्यांच्या सगळ्या नावांच्या शिव्या झाल्या. आणि जेंटल म्हणजे कुळवान, नोबल म्हणजे खानदानी. त्यांचे सद्गुण झाले. शब्दांनी ही कामं शेकडो वर्षं केली आहेत साहेब. तुमच्या यंत्राने फक्त ती वाचली."

"हे सगळं खरं असेल. पण मी ड्रिल बुडवणार नाही," सबनीस म्हणाले. चावी त्यांनी मुठीत धरली होती. "तुम्ही शब्द बदला. तो तुमचा अधिकार आहे. नाखवाने स्वतः निर्णय बदलला तर मी आड येणार नाही."

त्यांना वाटलं, हे होणारच नाही. म्हणून तर दिलदार झाले.

संघमित्राने जयवंतच्या नावापुढे 'गॅलंट' लिहिलं. नाखवाने ते नम्रपणे पुसलं. हुद्दा जुळत नाही. 'व्हॅलियंट' लिहिलं. पुसलं. शूर तर तो आहेच, पण असा शूर पहिल्याच लढाईत पडतो, निर्णय तोच. 'नोबल' लिहिलं, तर नाखवाने घराण्याचं नाव विचारलं.

तिने कपाळावर हात मारला. चांगला शब्द शोधत होती ती, आणि चांगला प्रत्येक शब्द या माणसाला मारत होता! त्या सगळ्या पुस्तकांत जयवंतसारख्या रंगाचा आणि हुद्द्याचा माणूस जिवंत राहतो कधी? तिने डोक्यातली कपाटंच्या कपाटं उपसली. आणि सापडला. सफरीच्या प्रत्येक गोष्टीत एक हमाल असतो, जो ओझं टाकून पळून जातो. साहेब त्याला रास्कल म्हणतो, शिव्या घालतो, आणि गोष्ट पुढे जाते. रास्कल मरत नाही. त्याच्या भरवशावर कुणी काही ठेवतच नाही, मग मरायला त्याला उभं करणार कोण?

तिने 'रास्कल' लिहिलं.

"पुरावा?" नाखवाने विचारलं. "त्याच्या वागण्यात मला असं काही दिसलेलं नाही."

तिने पंपघराचा ध्वनिमार्ग उघडला. पाण्याचा भयंकर आवाज आला.

"जयवंतभाऊ, मी गजभिये. ऐकू येतंय?"

"येता, मॅडम. पोरां चढली काय?"

"चढताहेत. मी काय सांगते ते ऐका. साहेबांना शिव्या द्या."

जयवंतने पाण्याच्या आवाजावर ओरडून विचारलं.

"कोणाक?"

"सबनीस साहेबांना. इथेच उभे आहेत. तोंडावर द्या. तुम्ही विश्वासू नाही, हे यंत्राला पटलं पाहिजे, नाहीतर ते तुमच्या तोंडावर कवाड लावतंय."

"मॅडम, झडप धरून आसंय हो मी. हात सोडलंय तर पोरां बुडतली."

"हात सोडूच नका! तोंड सोडा."

"पण सायबांका... बायकामाणसासमोर..."

"जयवंतभाऊ, मी पाणबुड्यांच्या खाणावळीत जेवते. मला सगळं येतं. द्या!"

सबनीस काही बोलणार, तेवढ्यात जयवंत सुरू झाला. सुरुवात अगदीच मिळमिळीत.

"मेल्या सबनिसा," तो चाचरत म्हणाला. "तू... तू बरो माणूस नाय."

"हे काय!" संघमित्रा ओरडली. "मालवणी आहात ना तुम्ही? का वेंगुर्ल्यात शिव्यांची टंचाई आहे?"

तो टोमणा लागला. समुद्राखाली कितीही खोल गेला तरी वेंगुर्ल्याचा माणूस हे ऐकून घेणार नाही.

"आवशीचो घो तुझ्या, सबनिसा!" ध्वनिमार्ग थरथरला. "नळ गंजलो म्हणान चार खेपा सांगलंय तुका! तुका पटकी येवंदे! तुका वाघान खाल्लो! वर बसान एसीत चाय पितंस, आणि हय माझो जीव जाता! तुझा ड्रिल तुझ्याच नरड्यात घाल, मेल्या!"

संघमित्राची बोटं कळफलकावर धावत होती. नाखवाला मालवणी येत नव्हती. तिने ऐकता ऐकता जुन्या इंग्रजीत उतरवायला घेतलं, आणि तिच्या लक्षात आलं की यात अवघड काहीच नाही. पटकी येवो म्हणजे पॉक्स अपॉन दी. तेही लोक एकमेकांना रोगच चिंतत होते. पहिल्या 'मेल्या'चं तिने 'व्हार्लेट' केलं, म्हणजे हलकट नोकर, आणि दुसऱ्याचं 'कर', म्हणजे भटकं कुत्रं. तिकडच्या शिव्यांत वाघ नव्हता, तिने सैतान घातला. शब्दांवर आयुष्य घालवलं त्याचा असा उपयोग होईल, हे कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. आता हसायला वेळ नव्हता. पाळण्याची शेवटची खेप निघत होती, आणि ती निघाली की कवाड.

"हे खरंच म्हणाला तो?" सबनीसांचा चेहरा लाल झाला होता.

"मी सौम्य करून लिहितेय," ती मान न वळवता म्हणाली. "जयवंतभाऊ, आणखी!"

आणखी आलं. त्यात सबनीसांचे पूर्वज आले, कंपनीचे मालक आले, आणि संघमित्राला ज्याचं इंग्रजी सुचलं नाही असंही थोडं आलं.

पडद्यावर जयवंतच्या नावापुढचा शब्द हलायला लागला. फेथफुल गेला. सर्ली आला, म्हणजे तुसडा. मग नेव्ह, म्हणजे लुच्चा.

"असा माणूस," नाखवा विचार करत म्हणाला, "आपली जागा अखेरपर्यंत धरत नाही."

त्याच क्षणी तो माणूस रक्ताळलेल्या तळव्यांनी झडप दाबून उभा होता, एक बोटभरही न हलता. यंत्राला ते दिसत होतं. पण यंत्राने जे वाचलं होतं, त्यात डोळ्यांपेक्षा शब्दाचं वजन जास्त होतं.

पडद्यावर 'रास्कल' उमटला.

"रास्कलच्या भरवशावर वर चढणाऱ्या माणसांचे जीव ठेवणं शहाणपणाचं नाही," नाखवा म्हणाला. "ड्रिलचं दालन उघडतो आहे."

केंद्र हादरलं. दूर कुठेतरी प्रचंड लोखंड आडवं झाल्याचा आवाज आला आणि सबनीस खुर्चीत बसले. पंपघरातला पाण्याचा आवाज उतरत गेला. जयवंत मात्र थांबला नव्हता. त्याला कुणी थांब म्हणून सांगितलंच नव्हतं.

"जयवंतभाऊ, पुरे! वर या!"

"थांबा हो मॅडम. आता खंय रंगात इलंय."

चौकशी झाली. सबनीसांनी आपल्या साक्षीत सांगितलं की दोष जुन्या पुस्तकांचा. गोऱ्यांची सरंजामी भाषा. आपण आधुनिक लोक आहोत. वाक्य इतकं छान होतं की चौकशी समितीने ते जसंच्या तसं अहवालात घातलं. कंपनीने पहिल्यांदाच हात सैल सोडला. आजच्या वर्तमानपत्रांचे, कंपन्यांच्या वार्षिक अहवालांचे, पुढाऱ्यांच्या आणि उद्योगपतींच्या भाषणांचे हक्क विकत घेतले आणि नाखवाला सगळं नव्याने शिकवलं. जुना एक शब्द उरला नाही. नाखवा आता बातमीदारासारखा चटपटीत बोलायला लागला.

खाली नवं ड्रिल बसलं, त्या दिवशी सबनीसांनी नाखवाची चाचणी मागितली. संघमित्राने तोच अपघात यंत्राला पुन्हा घातला: तोच नळ, तीच झडप, तीच माणसं. हाताची पट्टी नुकतीच निघालेला जयवंत दारात येऊन उभा राहिला. पाणबुड्यांत त्याचा मान वाढला होता. अख्ख्या केंद्रात साहेबाला तोंडावर शिव्या देऊन वाढीव रजा मिळवणारा तोच एक.

पडद्यावर जयवंत कुबलच्या नावापुढे नवा शब्द आला.

"हीरो," सबनीस मोठ्याने वाचत हसले. "बघा गजभिये मॅडम! ना नोकर, ना कुत्रा. सन्मानाचा शब्द. मी म्हणत होतो ना?"

संघमित्रा खालच्या ओळी वाचत होती. हीरो आजकाल कोणाकोणाला म्हणतात, ते यंत्राने नीट टिपलं होतं. मास्कविना गटारात उतरणारा. साथीत हातमोज्यांविना वॉर्ड सांभाळणारी. आग लागलेल्या कारखान्यात परत शिरणारा. संगत तीच. पंगत तीच. फक्त पाटावरचं नाव बदललं होतं.

योजना पूर्ण झाली. जयवंत झडप धरील. बाकीचे चढतील. कवाड लागेल. ड्रिल सुरक्षित.

फरक एकच होता. जुन्या पुस्तकांत नोकरासाठी कुणी भाषण करत नाही. नव्या मजकुरात हीरोनंतर प्रत्येक वेळी भाषण येतं. म्हणून या वेळी नाखवाने, कवाड लागण्याच्या आधीच, श्रद्धांजली तयार करून ठेवली होती. दोन पानं. संचालक विक्रम सबनीस यांनी वाचायची.

सबनीसांचं हसू जागीच थिजलं. संघमित्राला जयवंतकडे बघायचा धीर झाला नाही.

तो पुढे आला. चष्मा लावून त्याने दोन्ही पानं संथपणे वाचली.

"बरा लिवलाहा," तो म्हणाला. "ह्या वाचतलो कोण?"

"साहेब," संघमित्रा म्हणाली.

जयवंतने सबनीसांकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मगे झडपेर त्यांका उभे करा, मॅडम. भाषण मी वाचतंय."