चौथं कुलूप

मिस्त्रीच्या गळ्यात दोन वस्तू कायम लोंबत असत. एक चष्म्याची दोरी आणि दुसरी कुलपाची किल्ली. दोरीला चष्मा असेलच याची खात्री नसे, पण किल्ली तो आंघोळीच्या वेळीसुद्धा काढत नसे. तीस वर्षं पंप दुरुस्त करून त्याने एकच नेम कटाक्षाने पाळला होता. यंत्रात हात घालण्याआधी मेन स्विच खाली पाडायचा, त्याच्या दांड्यात भोकांची लोखंडी पट्टी अडकवायची आणि कामावरच्या प्रत्येकाने त्या पट्टीत आपापलं कुलूप लावायचं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. पट्टीत एक जरी कुलूप उरलं, तरी आत कोणीतरी आहे असं समजायचं आणि स्विचला हात लावायचा नाही. मग साहेब येऊन डोकं आपटो की मंत्री.

हा नेम बरोबर घेऊनच तो लढाईच्या शहरात उतरला. ना बंदूक ना वर्दी, कंपनीचा कंत्राटी माणूस. पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘नागरिक’ असं लिहिलेलं जड जाकीट. बरोबर त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ होता, फिटर. निघताना बायकोने बजावलं होतं, “माझा भाऊ जसा नेताय तसाच परत आणा.” मेहुण्याचं तोंड मात्र कामापेक्षा जास्त चालायचं. जाकीट चढवताना तो म्हणाला, “दाजी, गोळीला वाचता येतं का हो?”

चार दिवसांचा युद्धविराम होता. तेवढ्यात टेकडीखालचं पंपघर चालू करायचं होतं. एक पंप पुरता जळालेला, दुसरा चिखलात बुडालेला, आणि शहराकडे जाणारा मोठा नळ तोफगोळ्याने सांध्यांवर निखळलेला. मिस्त्रीने पहिल्याच फेरीत हिशेब सांगितला. “आठ दिवसांचं काम आहे.”

“चार आहेत,” इंजिनियरबाई म्हणाल्या. त्या या पंपघराच्याच. बाकी सगळे शहर सोडून गेले, त्या राहिल्या. कारण दोन किलोमीटरवरच्या इस्पितळात त्यांचा नवरा होता. त्याच्या किडन्या गेल्या होत्या. इस्पितळाकडे यंत्र होतं, जनरेटर होता, नव्हतं ते फक्त पाणी. पाण्याविना डायलिसिस होत नाही. चौथ्या दिवशी चारपर्यंत पाणी आलं नाही, तर रुग्णांना ट्रकमध्ये घालून डोंगरापलीकडे हलवणार होते. त्याच रस्त्यावर आदल्या आठवड्यात सुरुंगाने रुग्णवाहिका उडवली होती.

“तो त्या रस्त्याने पोचणार नाही,” बाई म्हणाल्या. रडल्या नाहीत. पाना उचलला आणि खड्ड्यात उतरल्या.

तिघांची तीन कुलपं पट्टीत लागली. काम कसं झालं ते कळावं म्हणून मिस्त्रीची आणखी एक पद्धत होती. बोल्ट पक्का आवळला की त्यावर रंगाची एक रेघ ओढायची, ज्याचा त्याचा रंग वेगळा. मिस्त्रीचा पांढरा, मेहुण्याचा पिवळा, बाईंना लाल दिला. संध्याकाळी चारला संचारबंदी लागायची. पंप उघडा पडलेला असल्यामुळे कुलपं तशीच ठेवून ते निघाले आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याने बाहेरून साखळी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीत चार कुलपं होती.

चौथं कुलूप पितळी होतं, हाताळून हाताळून कडा गुळगुळीत झालेलं. त्याला बांधलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नाव नव्हतं. ‘आत आहे’ एवढंच लिहिलं होतं, नेटक्या अक्षरांत.

मिस्त्रीने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा म्हणाला, “शपथ दाजी, मस्करीला पण वेळ आहे का मला?”

पहारेकऱ्याला विचारलं. तो पिकल्या मिशांचा शिपाई होता, जागचा हलणारा नव्हता. “मुंगीसुद्धा आत गेली नाही,” तो म्हणाला आणि साखळीचं कुलूप दाखवलं.

मग ते खड्ड्यात उतरले. नळाच्या पहिल्या सांध्यावर चोवीस बोल्ट होते. काल त्यांनी सहा आवळून सोडले होते. आता चोवीसच्या चोवीस आवळलेले होते, आणि अठरांवर हिरवी रेघ होती. मिस्त्रीने पाना लावून एकेक तपासला. एकही इकडचा तिकडे झाला नाही. सगळ्यांवर सारखा जोर, जसा हात बसलेला माणूसच देऊ शकतो. त्याला भीती वाटायला हवी होती, पण आधी वाटलं ते कौतुक. भीती मागून आली, जिना चढताना.

“तुमच्यापैकी कोणी मागे राहिलंय का?” त्याने बाईंना विचारलं.

बाईंनी दुपारच्या जेवणाच्या वेळी जुन्या सहकाऱ्यांना एकेक करून फोन लावला. सातजण होते. सातही जिवंत, सातही दूर. या पंपघरात आजवर कोणी मेलेलं नव्हतं, कोणी हरवलेलंही नव्हतं. “आणि हिरवा रंग,” बाई म्हणाल्या, “स्टोअरमध्ये कधी नव्हताच.”

तिघांनी त्यावर पुन्हा चर्चा केली नाही. करणार काय? काम पुढे सरकत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोटरची बेअरिंगं बसवलेली मिळाली, दुसरा सांधा जुळलेला मिळाला. मेहुण्याची बडबड बंद झाली. तो खड्ड्यात पाठ भिंतीला लावून काम करू लागला. बाई मात्र एकदा हलक्या आवाजात कोणालातरी “थँक्यू” म्हणाल्या. मिस्त्रीने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

चौथ्या दिवशी दोन वाजता काम संपलं. आठ दिवसांचं काम साडेतीन दिवसांत. इस्पितळातून फोन आला होता की ट्रक अंगणात लागलेत, बाईंच्या नवऱ्याचे पाय सुजलेत आणि त्याला आता ओळख पटेनाशी झालीय.

बाईंनी आपलं कुलूप काढलं. मेहुण्याने काढलं. मिस्त्रीने काढलं.

पितळी कुलूप पट्टीतच होतं.

मिस्त्री खड्ड्याच्या तोंडाशी गेला. चालू करण्याआधी तीनदा हाक द्यायची असते. “बाहेर या, चालू करतोय!” त्याने तीनदा ओरडून सांगितलं. आवाज नळात शिरला आणि बराच वेळ परत आला नाही.

“कापा ते,” बाई म्हणाल्या. हातात लांब दांड्यांचा कटर होता.

“नाही.”

“मिस्त्री, तिकडे माझा माणूस जातोय! आत कोणी नाही, तुम्हालाही माहीत आहे!”

“दाजी, ऐका ना बाईंचं,” मेहुणा म्हणाला. “पाया पडतो.”

मिस्त्रीला बाईंच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. एका कुलपासाठी एक माणूस मरणार आणि हा नेम कवटाळून बसणार, असं त्याला स्वतःलाच वाटत होतं. पण आत काम करणाऱ्याची बोटं त्याने तीन दिवस बोल्टा-बोल्टावर पाहिली होती. असा माणूस उगाच कुलूप ठेवत नाही. ठेवलंय म्हणजे काम उरलंय.

“दहा मिनिटं द्या,” तो म्हणाला. “दहा मिनिटांनी मी स्वतः कापतो. तोवर तुम्ही इथे उभ्या राहा. हात लावू नका.”

तो मेहुण्याला घेऊन खाली उतरला. पहिला सांधा, ठीक. दुसरा, ठीक. तिसरा सांधा भिंतीला खेटून होता. मागचे बोल्ट समोरून दिसत नव्हते, बॅटरी धरून वाकून बघावे लागत. मागच्या सगळ्यांवर रंग होता, पिवळा. मिस्त्रीने पाना लावला. पहिला पक्का. दुसरा पक्का. तिसऱ्याला पाना गर्रकन फिरला.

चौथ्यालाही.

मेहुण्याचा चेहरा उतरला. “पाना नीट बसत नव्हता, दाजी. म्हटलं आधी रंग ओढून घेतो, मग आवळतो. मग बाईंचा फोन वाजला आणि...”

पूर्ण दाबाने पाणी सुटलं असतं, तर सांधा तिथेच फुटला असता. खड्डा भरला असता, मोटर बुडाली असती, आणि दुसरी मोटर या शहरात नव्हती.

“रड नंतर,” मिस्त्री म्हणाला. “धर पाना.”

दोघांनी मिळून आवळलं. मेहुण्याच्या बोटांची सालं निघाली, तरी त्याने पाना सोडला नाही. शेवटचा बोल्ट घट्ट बसला तेव्हा वरून बाईंची हाक आली. मोठ्याने नव्हे. अगदी हळू.

“मिस्त्री. वर या.”

बाई होत्या तिथेच उभ्या होत्या. कटर जमिनीवर पडला होता.

पितळी कुलूप उघडं होतं.

“मी नजर हलवली नाही,” बाई म्हणाल्या. “किल्ली फिरल्याचा आवाज आला. फक्त आवाज.”

मिस्त्रीने पट्टी काढली. बाईंना म्हणाला, “तुम्ही चढवा.”

बाईंनी दोन्ही हातांनी स्विच वर ढकलला.

मोटर घुरघुरली, अडखळली आणि सुरात आली. दाबाचा काटा शून्यावरून निघाला. दोन. तीन. चार. नळ थरारला. पाणी टेकडी चढू लागलं, त्याचा आवाज जमिनीतून तळपायांना लागत होता. सांध्यांतून थेंबसुद्धा टपकला नाही. सात मिनिटं कोणी श्वास घेतला की नाही देव जाणे. मग फोन वाजला, आणि पलीकडून एक नर्स इतक्या जोरात किंचाळली की तिघांनाही ऐकू आलं.

“आलं! आलं हो आलं! ट्रक परत पाठवलेत!”

मेहुणा मिस्त्रीच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. मिस्त्रीही रडला, त्याला कसली लाज नव्हती. पहारेकऱ्याने टोपी हवेत उडवली, ती पत्र्यावर अडकली आणि त्याचंही त्याला काही वाटलं नाही. वरच्या गल्ल्यांतून भांडी वाजायला लागली. बायका, म्हातारे, सगळे बादल्या घेऊन रस्त्यावर आले होते. तीस वर्षांत असा दिवस मिस्त्रीच्या वाट्याला आला नव्हता. आपण जिंकलो, असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं.

बाई इस्पितळाकडे धावत सुटल्या. त्यांना निरोप द्यायला मिस्त्री आणि मेहुणा फाटकाबाहेर आले, पहारेकरी आधीच बाहेर होता. मागे फाटक सावकाश लोटलं गेलं. मग आतून कडी सरकली आणि कुलूप मिटल्याचा आवाज आला.

मिस्त्री म्हणाला, “चल. तुझी ताई वाट बघतेय.”

दुसऱ्या दिवशी लढाई पुन्हा पेटली. पंपघराच्या आजूबाजूची एकूण एक भिंत पडली. पंप एक दिवसही बंद पडला नाही. दोन्हीकडचे सैनिक फाटक उघडायला येऊन गेले, कोणाला जमलं नाही. बाईंच्या नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा वेळच्या वेळी होतं. तो आता काठी घेऊन फिरतो आणि बायकोशी भांडतोसुद्धा. बाई मिस्त्रीला दर महिन्याला फोन करून हे सगळं हसत सांगतात.

पंपाला तेल लागतं, ग्रीस लागतं. बाई महिन्याच्या एक तारखेला ते फाटकापाशी ठेवतात आणि रिकामे डबे परत नेतात. डब्याखाली पुढच्या महिन्याच्या सामानाची यादी असते, नेटक्या अक्षरांत. तेल, ग्रीस, चिंध्या, हातमोजे एक जोड. पाच महिने यादी तीच होती.

या वेळी फोनवर बाई हसल्या नाहीत. त्यांनी यादी वाचून दाखवली. तेल, ग्रीस, चिंध्या, हातमोजे दोन जोड.

“मग?” मिस्त्रीने विचारलं.

“ठेवून आले,” बाई म्हणाल्या. “दुसरी जोड लहान मापाची लिहिली होती.”